कडक चावीचं इंजिन

आमच्या दुकानात खेळण्यातल्या इंजिनाचे तीनच प्रकार होते. गाडीत मोडते, घरी मोडते आणि पोट्टं मोडते. ही प्रतवारी माझ्या धाकट्या भावाची. शेगावला दर्शनाला आलेला माणूस परतीच्या गाडीला वेळ असला की पोरासाठी पत्र्याचं इंजिन घेई. त्यातलं एखादं अकोला यायच्या आत, डब्यात बसल्या जागीच मान टाकी. ते पहिल्या प्रकारचं. दुसरं कसंबसं घरी पोचे, शेजारपाजारच्या पोरांना दाखवून होई आणि मग एक चाक टाकून बसे. तिसरं आपणहून मोडत नसे. पोरानंच त्याला आपटून, पाण्यात घालून, वर बसून मोडावं लागे. स्वस्तातल्या मालाकडून याहून जास्त मागू नये, असं भावाचं म्हणणं. "ताई, आपल्या हातानं मोडलं तं पोट्टं रडत नाही. आपोआप मोडलं की रडते," तो म्हणे. दुकानात फक्त तिसरं ठेवायचं, हा त्याचा कायदा होता.

आता लोक ही जुनी पत्र्याची खेळणी काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. त्यांची किंमत म्हणे रंग किती उडालाय आणि खोकं शाबूत आहे का, यावर ठरते. मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. जे चालत नाही ते इंजिन कसलं? आणि हे मी कोणत्या तोंडानं म्हणतेय? माझ्याही कपाटात एक इंजिन आहे आणि ते चालत नाही. पण माझ्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच सांगायला बसले आहे.

दुकान मुळात भांड्यांचं. स्टेशनावरून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उजव्या हाताला. आजोबा स्वतः पितळेची भांडी घडवत, वडील फक्त विकत. पण घडवणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे पितळेचं सगळं त्यांना कळे, आणि पितळेचं कळतं म्हणजे जगातलं सगळंच कळतं अशी त्यांची पक्की समजूत होती. भांडं घ्यायची आमच्याकडची रीत सोपी. आधी हातात तोलायचं, मग बोटाच्या पेरानं वाजवायचं. वजन भरलं आणि आवाज लांबला की माल खरा. बाबा कलिंगडही तसंच घेत, ते ठीक. पण ते दरवाजाची फळी वाजवत, पाटी-दप्तर वाजवत, आणि एकदा तर मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा डबासुद्धा वाजवला. ते स्थळ पुढे जमलं नाही. त्याचं कारण डबा नव्हता, पण मी बरीच वर्षं बाबांना तेच ऐकवलं.

नवं राज्य झालं त्याच्या आगेमागे आमच्याकडे स्टीलची भांडी आली. लग्नाच्या बस्त्यासोबत घागर-परात घ्यायला संग्रामपूरकडून बैलगाड्या यायच्या, त्या कमी झाल्या. बाबा स्टीलचा पेला हातात घेत, वाजवत आणि तोंड वाकडं करत. "हे काय भांडं हाय? हे तं डबडं वाजते," म्हणत. पण गिऱ्हाइकाला डबडं आवडायला लागलं होतं. तेव्हा कुणीतरी सुचवलं की यात्रेकरूंचं गाव आहे, अर्ध्या दुकानात खेळणी ठेवा. बाबांनी डावीकडची फळी रिकामी केली आणि एका फिरत्या व्यापाऱ्याकडून इंजिनं घेतली. अर्थातच तोलून आणि वाजवून घेतली.

ती इंजिनं मला अजून आठवतात. जाड पत्रा, ओतीव चाकं, हातात घेतलं तर मनगट खाली जावं. वाजवली की घुमत. चावी दिली की जागेवरच थरथरत, आणि पुढे काही सरकत नसत. त्या बिचाऱ्या स्प्रिंगला स्वतःच्या इंजिनाचंच ओझं ओढवत नव्हतं. बाबा ते बोटानं ढकलून बघत आणि म्हणत, "चालन. सुरुवातीले जड जाते." भाऊ तेव्हा भिंतीला धरून का होईना, चालत होता. तो खाली बसला, इंजिनं एकेक करून कानाशी नेली आणि हसत सुटला. म्हणाला, "बाबा, तुम्ही घागरी आणल्या, घागरी!" पहिल्यांदा त्यानं माल पारखला तो असा. बाबांना राग आला, पण पुढच्या खेपेला व्यापारी आला तेव्हा त्यांनी पेटी भावासमोर नेऊन ठेवली.

भावाच्या पायांबद्दल सांगायला हवं. आई तो लहान असतानाच गेली, म्हणून त्याचं सगळं मीच केलं. तो चालायला वेळेवर शिकला, पण शाळेत जायच्या वयात सारखा पडू लागला. खाली बसला की उठताना आधी गुडघ्यांवर हात ठेवी, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राही. पोरं हसत. मी एकदोघांच्या कानाखाली वाजवली, पण त्यानं काही तो पडायचा थांबला नाही. अंगारे झाले, तिळाचं तेल झालं, शेवटी बाबा त्याला अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर बाबांशी दार लावून बोलला. परत आल्यावर बाबा मला म्हणाले, "पायात ताकद नाही म्हणते. बाकी सगळं ठीक हाय." मी विश्वास ठेवला. न ठेवून काय करणार होते?

पाय पूर्ण गेले तेव्हा बाबांनी दुकानाच्या डाव्या बाजूला त्याच्यासाठी गादी घातली, मागे तक्क्या, पुढे लाकडी पाट आणि पाटावर पत्र्याच्या रुळांचं गोल कडं. रोज सकाळी ते त्याला पाठीवर घेत आणि घरातून दुकानात आणत. भाऊ त्यांच्या गळ्याला मिठी मारून रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारी. "दुकान काय पायानं चालवा लागते?" असं तो मला म्हणे, "बसूनच चालवा लागते. म्या तं सुरुवातच बसून केली." तो हे गमतीनं म्हणे, पण त्यात त्याचं सगळं आलं होतं. गादीवर बसला की तो दुकानदार होता. गादीवरून उतरला की तो लोकांच्या तोंडचा 'बिचारा' होता, आणि त्या शब्दाची त्याला माझ्याइतकीच चीड होती.

पारखायची त्याची एक पद्धत होती. इंजिन हातात आलं की आधी पत्र्याच्या कडांवरून अंगठा फिरवायचा. कड बोचली की इंजिन बाद. मग चाकं उलटी फिरवून कानाशी धरायची. आतले दात नीट बसले नसतील तर म्हणे, "हे दात खाऊन राह्यलं." मग चावी. चावीवरून त्याला सगळ्यात जास्त समजे. चावी फार सैल फिरली तर आतली स्प्रिंग मेलेली. फार कडक फिरली तर लहान पोरं दोन्ही हातांनी पिळणार आणि आत काहीतरी तुटणार. शेवटी मागे एक डबा जोडून इंजिन कड्यावर सोडायचं. वळणावर आडवं होतं का ते बघायचं, आणि स्प्रिंग संपत आली की कसं थांबतं ते बघायचं. चांगलं इंजिन दमत दमत थांबतं, वाईट एकदम गप्प होतं, असं तो सांगे. कड्यावर इंजिन ठेवायचं आणि पडलं तर उचलायचं काम माझं.

कधी दुपारी बाबा त्याला पाठीवर घेऊन स्टेशनात जात. नागपूरकडची गाडी यायची, इंजिन वाफ सोडत उभं राहायचं आणि भाऊ डोळे बारीक करून चाकं बघत राहायचा. खेळणी विकणाऱ्याला एवढं काय बघायचं असतं, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "खरं नाही पाह्यलं तं खोटं कसं पारखू?"

हळूहळू त्याचं नाव झालं. साखरखेर्ड्याकडचे लोक, ज्यांना शेगाव म्हणजे दोन गाड्या बदलून येणं, तेसुद्धा विचारत यायचे की बसून इंजिन विकणाऱ्या पोराचं दुकान कोणतं. गिऱ्हाईक दुसरीकडचं महागातलं इंजिन दाखवून विचारी, "हे कसं हाय?" भाऊ म्हणे, "हे घरी मोडते. समोरच्या दुकानात हाय, आपल्याकडं नाही." फिरता व्यापारी सुरुवातीला चिडे. मग त्यालाही सवय झाली. पेटी उघडून तो भावासमोर हात जोडून बसे, अगदी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. बाबा उजवीकडे भांडी पुसत बसलेले असत आणि ऐकत नसल्याचं नाटक करत असत.

मग एका वर्षी भाऊ जास्त माल बाद करायला लागला.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. कारखाने काय, माल हलका करतच असतात. "कडक हाय," तो म्हणे आणि इंजिन बाजूला सारी. पुढचं घेई, चावीला दोन बोटं लावी, जोर करी. "हेही कडक." बाद झालेल्या मालाचा ढीग वाढायचा आणि फळीवर चारदोन इंजिनं उरायची. व्यापारी हिंदीतून काकुळतीला येई, "अरे भाई, वही कारखाना, वही माल. पिछली बार तो तुमनेही पास किया था." त्यावर भावाचं उत्तर ठरलेलं. "तवाची स्प्रिंग वेगळी होती." तो इतक्या खात्रीनं बोले की व्यापारी स्वतःच्याच मालाकडे संशयानं बघू लागे. बाबा उजवीकडून एवढंच म्हणत, "पोट्टा नाही म्हणते ना? मंग नाही."

एकदा असाच बाद माल पेटीत भरून ठेवला होता. व्यापारी दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. दुपारची वेळ होती, भाऊ गादीवरच झोपला होता. मी सहज त्यातलं एक इंजिन काढलं आणि चावी फिरवली. ती फिरली. चांगली गोल, भरून आल्यासारखी, जशी फिरायला हवी तशी. मी डबा जोडला, इंजिन कड्यावर सोडलं. ते डबा ओढत गेलं, वळणावर झुकलं पण पडलं नाही, आणि शेवटी दमत दमत थांबलं. मी दुसरं काढलं. तेही तसंच. तिसरं काढायचा मला धीर झाला नाही.

माल चांगला होता. स्प्रिंग तीच होती. मग मला एकेक दिसायला लागलं, जे रोज डोळ्यांसमोर होतं आणि दिसत नव्हतं. पाण्याचा पेला तो हल्ली दोन्ही हातांनी धरत होता. भाकरी मोडायचा कंटाळा येतो म्हणून मला चुरून मागत होता. केस विंचरायला तो फणी डोक्याकडे नेत नव्हता, डोकंच खाली फणीकडे आणत होता. मी त्याला आळशी म्हणून चिडवत होते. झोपलेल्या त्याच्याकडे मी बघत बसले आणि मला देवाचा, डॉक्टरचा, त्या टिनपाट इंजिनांचा, सगळ्यांचाच राग आला.

संध्याकाळी बाबा घराच्या मागच्या अंगणात चिंच लावून घागर घासत होते. मी जाऊन उभी राहिले.

"बाबा, इंजिनं चांगली हायत," मी म्हटलं. "कडक नाहीत. त्याच्या हातातच..."

"मले ठाऊक हाय," ते म्हणाले. घागर घासायचं त्यांनी थांबवलं नाही.

"कवापासून?"

"रोज उचलतो मी त्याले. मागच्या सालापासून हलका होऊन राह्यला. पयले गळ्याले मिठी मारे, आता मलेच त्याचे हात धरून ठेवा लागतात." मग म्हणाले, "डॉक्टर बोलला होता तवाच. आधी पाय, मंग हात. अन् मंग छाती."

"मले काऊन नाही सांगितलं?" माझा आवाज चढला.

"तुले सांगून त्याच्या हातात काय ताकद येणार होती काय?"

आयुष्यभर वजनावर माल ओळखणारा हा माणूस. पितळेच्या बाबतीत तो चुकला नाही, इंजिनांच्या बाबतीत हमखास चुकला. आणि पाठीवरचं पोर रोज तोळ्या-मासानं कमी होतंय हे त्याला सगळ्यांच्या आधी समजलं होतं. त्यानं ते एकट्यानं पाठीवर वागवलं होतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण मी घागरीवर पाणी ओतत राहिले.

"त्याले समजू देऊ नको," बाबा म्हणाले. "इंजिनं खराब हायत असंच राहू दे. गादी गेली तं पोट्टा खलास होईन."

पण तसं किती दिवस राहणार? रामनवमीची यात्रा जवळ आली होती. फळी जवळजवळ रिकामी होती. भाऊ व्यापाऱ्याला शिव्या घालत होता, कारखान्याला शिव्या घालत होता, आणि रात्री जेवताना गप्प होत होता. एकदा तो आपली बोटं पालथी-उताणी करून बघत असलेला मला दिसला. मी आत आल्यावर त्यानं हात पांघरुणात घेतले.

यात्रेच्या आधी बाबांनी एक गोष्ट केली. दुपारी दुकानाचं दार लागलं आणि भाऊ झोपला की ते मागच्या अंगणात शेगडी पेटवून बसू लागले. व्यापाऱ्याची एक अख्खी पेटी त्यांनी भावाला न दाखवता घेतली होती. इंजिनाच्या पोटाखालच्या पत्र्याच्या पट्ट्या वाकवून ते आतली स्प्रिंग बाहेर काढत, चिमट्यात धरून निखाऱ्यावर लाल करत आणि निवू देत. मी विचारलं, हे काय चाललंय. "मऊ करून राह्यलो," ते म्हणाले. "पितळ कडक झालं की तुहा आजा काय करे? तापवे. तापवलं की कसंही वळते. मंग चावी फिरन त्याच्यानं."

मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, पण पहिलं इंजिन परत जोडून मी चावी फिरवली तेव्हा कळलं. चावी लोण्यातून फिरावी तशी फिरली आणि इंजिन वीतभर जाऊन गप्प झालं. पितळेला आगीनं मऊपणा येतो, स्प्रिंगचा मात्र जीव जातो. मी बाबांना म्हटलं, हे चालत नाही. त्यांनी इंजिन हातात घेतलं, तोललं, पेरानं वाजवलं. "चालन," म्हणाले. "चावी फिरते ना? मंग झालं." आणि पुढची स्प्रिंग निखाऱ्यावर धरली. बाबांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला चीर पडलेलं भांडं विकलं नव्हतं. तोच माणूस उन्हात बसून चांगला माल एकेक करून मारत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी आत जाऊन भाकरी थापायला लागले. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

यात्रेच्या आदल्या सकाळी बाबांनी भावाला गादीवर बसवलं आणि पेटी त्याच्यापुढे ठेवली. "नवा माल आला," ते म्हणाले. "दुसऱ्या कारखान्याचा. पाह्य बरं." आज ते उजवीकडे भांडी पुसायला गेले नाहीत. तिथेच पेटीशेजारी उकिडवे बसले.

भावानं पहिलं इंजिन उचललं. उचलायलाही त्याला दुसऱ्या हाताचा टेका लागत होता. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला. वाकवून परत बसवलेल्या पट्टीपाशी अंगठा जरा थांबला. कानाशी नेलं. मग नाकाशी नेलं. जळक्या तेलाचा वास मला माझ्या जागेवरूनही येत होता. मग त्यानं चावीला दोन बोटं लावली आणि जोर करायला खांदे आवळले.

चावी फिरली.

त्याचा चेहरा जो उजळला, तो मी जन्मात विसरणार नाही. कित्येक दिवसांत त्याच्यानं एकही चावी फिरली नव्हती. "फिरली!" तो म्हणाला, लहान पोरासारखा. त्यानं आणखी एक वळसा दिला, मग आणखी एक, आणि त्या तिसऱ्या वळशाला त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं. फार सैल चावी म्हणजे मेलेली स्प्रिंग. हे त्यानंच मला शिकवलं होतं.

त्यानं इंजिन माझ्याकडे दिलं. मी डबा जोडून ते कड्यावर ठेवलं. ते निघालं, पाव कडंही चाललं नाही आणि एकदम गप्प झालं. बाहेर यात्रेकरूंच्या टांग्यांचा आवाज येत होता. बाबा इंजिनाकडे बघत नव्हते, त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यांची उजव्या हाताची दोन बोटं भाजून काळी पडली होती आणि ती त्यांनी धोतराच्या सोग्यात लपवली होती. पण सोगा काही सगळी बोटं झाकत नव्हता. भावानं ती बोटं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

गाडीत मोडते. तो हेच म्हणणार हे मला माहीत होतं. गाडीतही कसलं, दुकानाच्या पायरीवरच मोडतं ते. त्यानं कधी व्यापाऱ्याची भीड ठेवली नव्हती, कधी गिऱ्हाइकाची ठेवली नव्हती. मालाच्या बाबतीत त्याच्या तोंडून खोटा शब्द मी ऐकला नव्हता.

"पोट्टं मोडते," भाऊ म्हणाला. "ठिवा बाबा. चांगला माल हाय."

बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की पाटावरचा डबा हलला असं मला वाटलं. ते उठले आणि एकेक इंजिन भावाच्या हातात देऊ लागले. भाऊ प्रत्येकाची चावी फिरवी आणि म्हणे, "ठिवा." पूर्ण पेटी त्यानं पास केली. फळी भरली. बाबा भांड्यांकडे गेले आणि कितीतरी दिवसांनी एक परात उगाच वाजवून बसले.

ते पलीकडे गेल्यावर भावानं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "ताई, हे इंजिन कोणाले विकू नको. कोणी मागितलं तं सांग, नुसतं मांडायले ठिवलं. पोट्टे रडतीन."

यात्रेचे दिवस मी तेच केलं. लोक मागत, मी म्हणे हे मांडायचं आहे, विकायचं नाही. लोक मला वेडी समजून समोरच्या दुकानात जात. भाऊ गादीवर बसून शिट्ट्या आणि भिंगऱ्या विकत होता आणि त्याच्या मागे फळीवर मेलेल्या इंजिनांची रांग झगमगत होती. बाबांनी एकदोनदा विचारलं, "इंजिन काऊन जात नाही बे?" भाऊ म्हणाला, "रंग भडक हाय बाबा. लोकायले लाल आवडत नाही." बाबांना पटलं. रंगातलं त्यांना कळत नाही, हे ते नेहमीच मान्य करत.

पुढचा हिवाळा त्याला निघाला नाही. छातीत कफ धरला. खोकायलाही ताकद लागते हे आम्हाला तेव्हा कळलं. शेवटच्या आजारापर्यंत बाबा त्याला रोज पाठीवर घेऊन दुकानात आणत होते आणि संध्याकाळी पाठीवर घेऊन घरी नेत होते. व्यापारी आला की पेटी त्याच्यापुढेच उघडत असे. आता चावी मी फिरवायची आणि तो कान देऊन ऐकायचा. "चावी फिरवणं हे काय दुकानदाराचं काम हाय?" असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. गादीवरचा हक्क त्यानं सोडला तो एकदाच, गेला तेव्हा.

नंतर बाबांनी खेळण्यांची बाजू बंद केली. मग माझं लग्न झालं, मी खामगावला गेले, आणि पुढे दुकानही विकलं. विकायच्या वेळी मी आवराआवर करायला गेले होते. वरच्या फळीवर ती इंजिनं तशीच होती, धुळीनं भरलेली. बाबांचे डोळे तेव्हा गेल्यात जमा होते. मी एक इंजिन पुसून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं आणि ओळखलं. मग विचारलं,

"बाई, त्याले समजलं होतं काय?"

मी वळून फळी पुसायला लागले. म्हटलं, "नाही बाबा. त्याले तं लय आवडली होती. पास नसती केली काय त्यानं?"

"हाव," बाबा म्हणाले. "खोटं नाही बोलत तो मालाच्या बाबतीत."

त्यांनी इंजिन तळहातावर तोललं, कानाशी नेलं आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. मग ते माझ्याकडे देत म्हणाले, हे घरी घेऊन जाय, माल चांगला हाय.